मिठकोट जाळायचं की नाही

प्रिय सुनीलदादा,

जय भीम. गुरुवारपर्यंत मला एक उत्तर द्यायचंय आणि ते तुझ्याशी बोलल्याशिवाय देववत नाही, म्हणून लिहितोय. तुझा नंबर आता पिंकी वापरते. स्क्रीनवर तुझा फोटो येतो आणि तिकडून तुझी बहीण बोलते, "बोल विक्या." दर वेळी तोंडात आलेलं "दादा" गिळून टाकतो.

दादा, पिंकी आपल्या खेळातलं मिठकोट जाळायला निघालीय.

तू गेल्यावर आम्ही खेळ बंदच केला होता. मग तीच म्हणाली, दादाचं शहर अर्धवट कशाला ठेवायचं, आता मी चालवते. शुक्रवारी दुपारी मला इथे ओमानला सुट्टी असते. ती आणि इरफान विहाराच्या मागच्या खोलीत बसतात आणि मला फोनमध्ये, तांब्याला टेकवून ठेवतात. माझा फासा पिंकीच टाकते. माझा कधी चांगला पडतच नाही, आता काय ते तू समज.

तुला आठवतं, विहारातल्या आजी दारात येऊन बघायच्या? ना पट, ना पत्ते, ना सोंगट्या. नुसती चौघं फरशीवर बसून बडबडतायत. "काय खेळता रे पोरांनो?" तू म्हणालास, "आजी, शहर-शहर खेळतो. मी शहर सांगतो, ही माणसं त्यात काय करतात ते सांगतात. अडलं की फासा टाकायचा." आजी म्हणाल्या, "मग जिंकतं कोण?" तू नुसता हसलास.

अंधेरीच्या ऑफिसातल्या पोरांकडून तू हा खेळ शिकलास. त्यांची राक्षसांची पुस्तकं तिथेच ठेवलीस आणि आपलं शहर बनवलंस. पार्सल पोचवायला मुलुंडला जाताना मिठागरं दिसायची, त्यावरून मिठकोट. चारी बाजूंना मीठ, गोड्या पाण्याचं एकच तळं आणि तळ्यावर सरदाराचा पहारा. इरफान वैदू, पिंकी भालेवाली, मी भुऱ्या चोर. तुझा तो नियम मला पहिल्या दिवसापासून खटकायचा. कुणी एकट्यानं सरदारासमोर खरं बोललं, की तू फासा उचलून खिशात टाकायचास आणि शेजारच्याला विचारायचास, "मागून कोण येतंय?" त्यानं शहरातलं कुणीतरी सांगायचं. लोहार येतोय. आंधळा भिकारी येतोय. भुऱ्यासाठी पहिल्यांदा सोनाबाई पाणीवाली आली, डोक्यावर हंडा घेऊन.

मी भांडायचो. "दादा, असं कुठे असतं? कोण येतं कुणाच्या मागून?"

"नसतं म्हणून तर खेळतो ना, येड्या. असतं तर बाहेर फिरायला नसतो गेलो?"

गेल्या शुक्रवारी पिंकीनं सांगितलं, सोनाबाई पहिल्यापासून सरदाराची माणूस होती. आपली सगळी नावं तिनेच पोचवली. लोहार पण तसलाच. पुढच्या खेळात सरदार शहराला आग लावणार आणि दरवाजे आतून लोकच बंद करणार. इरफान म्हणाला, "ए, असं नको ना यार. सोनाबाई कशी काय?"

पिंकी म्हणाली, "का नाही? दादा गेला त्या दिवशी सिग्नलला पडला होता, तेव्हा मागून कोण आलं, सांगू? गाड्या आल्या. हॉर्न मारत, बाजूनं वळून गेल्या."

मग ठरलं, गुरुवारपर्यंत तिघांनी मतं द्यायची. इरफानचं मत नको, तिचं हो. माझं मत राहिलंय.

तुला वाटेल, विक्याला तर हेच हवं होतं. खरंच दादा, मला पटकन हो म्हणावंसं वाटलं. का, ते पिंकीला सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

इथे आमच्यात रामबचन काका आहेत, बिहारचे. त्यांना ताप होता, उन्हात उभं राहवत नव्हतं आणि फोरमन त्यांना परांचीवर चढवत होता, पार वरच्या मजल्यापर्यंत. मी म्हणालो, ये ऊपर नहीं जाएगा. सगळ्यांसमोर म्हणालो. फोरमन शांतपणे बाकीच्यांकडे वळला आणि म्हणाला, "और किसको बोलना है?"

दादा, तुझाच प्रश्न. मी खरंच वाट बघितली. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. इतकी वर्षं तुझ्याबरोबर त्या खोलीत बसून माझं डोकंच तसं झालं होतं. कोणी हललं नाही. आणि मग रामबचन काकांनीच हेल्मेट घातलं आणि चढायला लागले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काका नीट खाली आले. मला दुसऱ्या दिवशी वाळवंटातल्या साइटवर टाकलं, तिथूनच हे लिहितोय. त्या रात्री तुझा इतका राग आला होता की तू समोर असतास तर भांडलोच असतो. आम्हाला असलं शहर दाखवलंस कशाला? बाहेर असं नसतं हे माहीत होतं, तर आम्हाला तयार का नाही केलंस? आणि हे सगळं विचारायच्या आत निघून कसा गेलास?

पण पिंकीला हो म्हणायला फोन हातात घेतला की बोट थांबतं. कारण सोनाबाई मला डोळ्यांसमोर दिसते आणि ती विकली गेलेली पटत नाही. मला कावीळ झाली तेव्हा ह्याच गप्प बसलेल्या माणसांनी मला उसाचा रस आणून पाजला होता. काकांनी माझी चादर धुतली होती. ती माणसं सरदाराची नाहीत, दादा. ती घाबरलेली आहेत. काकांना इथून परत पाठवलं तर गावी पाच तोंडं उपाशी. तुझ्या मिठकोटात कुणाला घरच नव्हतं, म्हणून सगळे लगेच धावत यायचे. आणि पिंकीच्या मिठकोटात सगळेच हरामी, म्हणजे कुणाकडे जायचीच गरज नाही. तुझं सोपं होतं. तिचंही सोपंच आहे. ती रडत नाही ना अजून, म्हणून जाळतेय, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगायला तू नाहीस.

तर माझं मत असं. शहर जळणार नाही. पिंकी चिडेल, म्हणेल तूच चालव मग. चालवीन. मला तुझ्यासारखं सांगता येणार नाही, मध्येच नेट जाईल, इरफान हसेल. चालेल.

तुझा नियम मात्र मी मोडणार आहे, आताच सांगून ठेवतो. सोनाबाईला मी घर देणार, दोन पोरं देणार, सरदाराची भीती देणार. पिंकी एकटी तळ्यावर जाऊन खरं बोलेल आणि मागून कोणी येणार नाही. ती फोनकडे रागानं बघेल, म्हणेल, "बघ, मी सांगत होते ना?"

शब्द देतो दादा, तिथे मी खेळ संपवणार नाही. मी तिला विचारीन, "बरं, संध्याकाळ झालीय. सगळे आपापल्या घरी गेलेत. आता तू पहिल्यांदा कुणाच्या दारात जातेस?"

तुझ्याशी अजून भांडण न संपलेला,
विक्या