बॉल जॉइंटला लावलेली विभूती

अप्पा, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, आणि परवा दुपारी मला कळलं की तुम्ही गाडीखाली शिरून काय करत होता.

मी सध्या शारजात असतो. इथल्या गॅरेजात हौशी लोकांच्या जुन्या व्हॅन येतात, तुमच्या वयाच्या, आणि त्यांना त्या खाली बसवून पाहिजे असतात. इतक्या खाली, की पोट रस्त्याला टेकायला यावं. दिसतात लई देखण्या. अशीच एक निळी व्हॅन आम्ही बसवली. मालक शुक्रवारी बायकोला आणि दोन पोरींना घेऊन डोंगरात जाणार होता. आमचा केरळचा फोरमन जाणता माणूस. त्यानं गाडी जॅकवर उचलली, पुढची चाकं धरून हलवली, बॉल जॉइंटमध्ये जरासुद्धा ढिलाई नाही. म्हणाला, झालं, धुवायला काढा. मीही हलवून पाहिलं, बरोबरच होतं. पण गाडी लावताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तेव्हा पायाखाली बारीक टक् झालं, आणि मला एकदम आपलं लातूरचं गॅरेज आठवलं.

तुम्ही सामान आणायला नांदेडला गेला होता आणि मी माझ्या दोस्ताची जुनी व्हॅन खाली बसवायला तिच्या पुढच्या स्प्रिंगा कापून ठेवल्या होत्या. वीस वर्षांचा होतो, सातवीत शाळा सोडलेली, एका जागी बूड टिकत नव्हतं. तुम्ही संध्याकाळी येता, गाडीकडे बघता, ओरडत नाही. कोनाड्यातला विभूतीचा डबा घेता आणि गाडीखाली शिरता. जॅक न लावता, उभ्या गाडीखाली, पोट आत ओढून. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला गोळा आणि त्याचा दांडा, सगळं चाक त्याच्या भरवशावर. त्याची रबरी टोपी सरकवून, दांड्याची मान पुसून तुम्ही तिला पाण्यात कालवलेली विभूती लावता. मी बाहेर दोस्तांना सांगतो, "आमचे अप्पा बॉल जॉइंटचीबी पूजा करून राहिलेत." सगळे हसले. तुम्ही ऐकलंत. बाहेर येऊन एवढंच म्हणालात, "हास. पण गाडी तिच्या पायावर उभी असताना बघत जा. टांगलेल्या गाडीला दुखत न्हाई."

मग नालीजवळच्या उंचवट्यावरून गाडी पुढं-मागं घेतलीत, पुन्हा खाली जाऊन पाहिलंत, आणि म्हणालात, ही बाहेर जाणार नाही. किल्ली खिळ्याला अडकवलीत. का, ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. सकाळी तुम्ही लिंगपूजेला बसला होता तेव्हा मी ती किल्ली काढून दोस्ताला दिली. नांदेडच्या रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडं चाक आत मुडपलं, व्हॅन सोयाबीनमध्ये गेली, त्याचा हात मोडला. लोक म्हणाले, अप्पांच्या हातची गाडी अशी कशी गेली. तुम्ही ऐकून घेतलंत. रिकाम्या खिळ्याबद्दल मला कधीच विचारलं नाहीत.

परवा मी बॅगेच्या तळातून मायनं दिलेली विभूतीची पुडी काढली. चार वर्षांत उघडली नव्हती. निळ्या व्हॅनखाली शिरलो, तुमच्यासारखंच पोट आत ओढून, टोपी सरकवून दांड्याची मान पुसली, विभूती कालवून लावली. ती वाळेपर्यंत थांबलो. गॅरेजातल्या दोघांना आत बसवून गाडी गतिरोधकावरून नेली, स्टेअरिंग दोन्हीकडं पुरं फिरवलं, आणि परत खाली जाऊन टोपी सरकवली. अप्पा, सगळीकडं पांढरं होतं आणि एका बाजूला नखाएवढी रेघ, तिथं विभूती पार गेलेली, आत लोखंड चमकत होतं. गाडी खाली बसवली की दांडा तिरपा होऊन वाटीच्या काठावर घासतो. दर खड्ड्याला घासणार, आणि एक दिवस मान तुटणार. जॅकवर उचललं की चाक खाली लोंबतं, दांडा सरळ होतो, काही म्हणजे काही दिसत नाही. मी तिथंच पाठीवर पडून राहिलो. कुठल्या शाळेत न जाता, कुणी न सांगता, हे तुम्ही कोनाड्यातल्या डब्यातून काढलं होतं.

फोरमनला बोलावलं. तो मोबाईलची बत्ती लावून कितीतरी वेळ बघत राहिला. मालक आला, चिडला, पोरींची बॅग भरून झालीय म्हणाला. मी किल्ली खिशात घातली आणि गाडीच्या पुढं बसून राहिलो. शेवटी त्यालाही खाली झोपवून ती रेघ दाखवली. आता ती व्हॅन पुन्हा उंच करून राहिलो आहोत.

हा कागद कुठं टाकायचा, म्हणून पुडीसोबत पान्यांच्या पेटीत ठेवतोय. किल्ली मी दिली होती, हे अजून मायलासुद्धा सांगितलं नाही. बाकीच्या बसवलेल्या गाड्याही अशाच बघायच्या, म्हणून काल फोनवर तिला म्हणालो, विभूती संपत आली, आणखी पाठव. ती रडायलाच लागली, म्हणाली, माझं लेकरू देवाला लागलं. मी हाव म्हणालो.