तो कोट मीच कापला

४ मार्च, सोमवार
भत्ता मंजूर! मनगट बरं होईपर्यंत दर आठवड्याला पैसे घरपोच. अट एकच, कुठलंही काम करायचं नाही आणि दर सोमवारी कामगार दवाखान्यात हात दाखवायचा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, कटिंग मास्तर म्हणून काम करण्यास असमर्थ. शब्द खटकला. आधी 'तूर्त' घाला म्हटलं. घातलं नाही.

जिन्यावरून पडलो ती माझी चूक नव्हे. मालक म्हणाले होते, कापडाचे तागे एकेक करून न्या. मी तीन नेले, कारण मला जमतं.

संकल्प: पूर्ण विश्रांती. पहाटे फिरणं. वाचन. वर्कशॉपचा विचार बंद. कात्री मात्र घरी आणली आहे. लोखंडी, वजनदार, माझ्याशिवाय कोणाला झेपत नाही. तिच्यावाचून तिथे घोडं अडणार. दोन दिवसांत मालक दारात.

५ मार्च, मंगळवार
नऊला उठलो. फिरणं उद्यापासून. मालक आले नाहीत. लाजत असतील.

७ मार्च, गुरुवार
मालकांचा फोन. आवाज मुद्दाम खोल काढला. तर म्हणे, निवांत आराम करा, माणूस मिळाला. कोण, तर माझा साडू! हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. काम सुटून घरी बसला होता, हिनेच मालकांना सुचवला. हिचं म्हणणं, घरचा माणूस असला की तुमची जागा राहील, बाहेरचा एकदा बसला की उठणार नाही. मी म्हटलं, जागा राहील गं, पण कापडाचं वाटोळं होईल त्याचं काय? ही भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

त्याच्या कात्रीला नारिंगी प्लास्टिकच्या मुठी आहेत. यावर मी काही लिहीत नाही.

८ मार्च, शुक्रवार
मार्गदर्शन करावं म्हणून साडूला फोन केला. दिवसभरात पाचदा. दर वेळी म्हणाला, सगळं ठीक आहे दादा, तुम्ही काळजी करू नका. पाचव्यांदा मागून हसण्याचे आवाज. माझ्या वेळी कटिंग टेबलाशी कोणी हसत नसे. शिस्त होती.

११ मार्च, सोमवार
बाई म्हणाल्या, मूठ वळवा. वळली नाही. भत्ता चालू. त्यांना म्हटलं, दुसरा कोणी असता तर एव्हाना रडला असता. त्या हं म्हणाल्या.

संध्याकाळी साडू आला. हिने त्याला क्रीमची बिस्किटं दिली. मला साधी. विचारलं तर म्हणते, तो दमून येतो. आणि मी? दिवसभर विश्रांती घेणं काय सोपं आहे?

मला हेवा वाटत नाही, हे इथे नमूद करतो. हेवा बरोबरीच्या माणसाचा वाटतो.

१३ मार्च, बुधवार
वर्कशॉपमधल्या काजं-बटणवाल्या मावशी मला बघायला आल्या. रडतील म्हणून रुमाल जवळ ठेवला होता. तासभर साडूचंच पुराण! कापड किती वाचवतो, कोणावर आवाज चढवत नाही, आणि मालक म्हणे त्याला मास्तर म्हणतात. मास्तर! मला मास्तर म्हणायला याच माणसाने वर्षानुवर्षं घासून घेतलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मावशींना चहासुद्धा विचारला नाही. हिने दिला.

१७ मार्च, रविवार
ही बाहेर गेल्यावर कात्री काढली. उजव्या हाताने उचलली तर डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे घरात. डाव्या हाताने वर्तमानपत्र कापायला घेतलं, पडद्याचं टोक गेलं. पडदा जुनाच होता.

फिरणं उद्यापासून.

१८ मार्च, सोमवार
घात झाला.

डॉक्टरीणबाईंच्या अंगात नवा पांढरा कोट. आम्हा लोकांची नजर आधी खांद्यावर जाते. खांदा असा बसला होता की बघत राहावं. विचारलं, कुठून शिवला? तुमच्याच वर्कशॉपमधून, म्हणाल्या. नव्या मास्तरांनी कापला. आणि दोन्ही हात वर करून दाखवले. म्हणाल्या, जुना कोट काखेत इतका ओढायचा की वरच्या फळीवरचं औषध नर्सला काढायला सांगायचे.

जुना कोट मी कापला होता.

मेंदू तापला. तोंडातून निघून गेलं, हासुद्धा मीच कापलाय! साडूला काय येतंय? रविवारी गुपचूप जाऊन मी कापून देतो, तो नुसता मिरवतो!

बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, नक्की? म्हटलं, शंभर टक्के. पेन उचललं, लिहिलं, कामास समर्थ. भत्ता बंद.

घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती. 'बंद'चा अर्थ जिना चढताना कळला.

१९ मार्च, मंगळवार
ही रात्रभर बोलली नाही. सकाळी बोलली. घरभाडं कोण देणार, मुलीची फी कोण भरणार, आणि न कापलेला कोट कापला म्हणणारा नवरा माझ्याच नशिबी का?

समर्थ म्हणून कामावर गेलो. टेबलावर कापड अंथरलं, माझी कात्री लावली, दाबली. कात्री हातातून सुटून थेट मालकांच्या बुटाशी. मालक म्हणाले, हात चालत असेल तर कापा, नसेल तर घरी बसा, नुसतं उभं राहायचे पैसे मी देत नाही. म्हणजे पगार नाही, भत्ताही नाही.

साडूने कात्री उचलून, पुसून माझ्या पिशवीत ठेवली. हळूच म्हणाला, दादा, मी बाईंना भेटतो, सांगतो की कोट मी कापला. म्हटलं, खबरदार! माझ्या भानगडीत पडू नकोस. कसा मोठेपणा मिरवतो पाहा!

२२ मार्च, शुक्रवार
घरात साधी बिस्किटंही संपली. साडूच्या घरून डबा आला. भाजी चांगली होती, त्याचाही राग आला.

२५ मार्च, सोमवार
गेलो. म्हटलं, बाई, तो कोट माझा नाही. तीनदा म्हणावं लागलं, पहिल्या दोन वेळा त्यांना ऐकूच गेलं नाही. साडूचा आहे. मला जमलाही नसता. हे शेवटचं त्यांनी विचारलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, मला माहीत होतं, तुमचा कोट मी तीन वर्षं घातलाय. मग भत्ता का थांबवला? तर म्हणे, माणूस स्वतःच्या तोंडाने काम केलं सांगतोय, मी दुसरं काय लिहू? मूठ वळवायला लावली. अजून वळत नाही. कागदावर पुन्हा लिहिलं, असमर्थ. या वेळी मी 'तूर्त' मागितलं नाही. कागद घडी करून खिशात घातला.

दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. आणखी दोन कोट शिवायचेत, म्हणाल्या, तुमच्या साडूंचा नंबर असेल का?

शोधावा लागला नाही. दिवसातून पाच-पाचदा लावलेला, तोंडपाठ होता. सांगितला.