कसा लागतोय पाला?

प्रिय शिवांजली,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे आणि अक्षर माझं पहिल्यापासून असंच आहे. फोनवर तू जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का एवढं विचारतेस, तोवर तुला साताऱ्याचे तुझे साहेब हाक मारतात. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही. पाडव्याला येणार म्हणालीस म्हणून पुरण घातलं होतं. मार्चअखेरीचं काम निघालं तुझं. असू दे, पोळ्या शेजारी जोतीरामच्या घरी दिल्या.

दादा गेल्यापासून दारात कुणी येत नाही गं. पूर्वी साप चावलेलं माणूस आलं की ते आधी कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचे आणि विचारायचे, "कसा लागतोय रं?" कडू म्हणाला तर विष नाही, गुळमट म्हणाला तर चढलं. मग तूप पाजायचं, काढा द्यायचा, आणि माणसाला झोपू द्यायचं नाही. ते काम माझं. गावभरच्या भानगडी सांगून मी माणूस जागं ठेवायची, आठवतंय ना? शेवटी शेवटी तर दादाच आधी गाडी बोलवायचे. पाला कडू लागला तरी माणसाला सांगलीला धाडायचे, म्हणायचे, इंजेक्शन ते इंजेक्शन. पण चव विचारायची सवय काही गेली नाही तुझ्या वडिलांची.

परवा चुलीसाठी चिपाडं काढताना हाताला काहीतरी डसलं. बघेपर्यंत शेपूट ढिगात गेलं. जोतीरामला हाक मारायची, तर मी शहाणी आधी लिंबाखाली गेले, पाला ओरबाडला आणि चावत पायरीवर बसले. आणि चव विचारायला कुणीच नाही. शेवटी मीच मोठ्यानं विचारलं, "मंगल, कसा लागतोय गं?" रिकाम्या अंगणात आपलाच आवाज ऐकून कसंतरीच झालं.

जोतीरामनं बघितलं, मला बक्कळ बोलला आणि टेम्पोत घालून सांगलीला नेलं. रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. साप बिनविषारी निघाला. पाल्याचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या, पुन्हा असा वेळ घालवलात तर जिवावर बेतेल. शेजारच्या खाटेभोवती माणसंच माणसं. जोतीराम म्हणाला, "काकू, ताईस्नी फोन लावतो." मी लावू दिला नाही.

आता खरं सांगते. पायरीवर पाला कडू लागला, चांगला कडूजार. हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आधी काय आलं माहीत आहे? गुळमट लागला असता, तर पोरगी संध्याकाळच्या गाडीनं आली असती. असं मनात आलं याचीच मला सापापेक्षा जास्त भीती वाटली, म्हणून लिहायला बसले. शिवा, मला काहीही झालेलं नाही. तरी ये.

तुझीच,
आई