मडीचे हातमोजे

३ मार्च, सोमवार
काल लिहिलं त्यात एक चूक आहे, आधी ती दुरुस्त करते. मी नुकतीच कामाला लागले त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दर रुग्णाला नवे हातमोजे वापरतात, असं लिहिलं. ते मी पाहिलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. बाकी सगळं छानच. राजवाड्यामागच्या गल्लीत स्वच्छ जागा, आणि मोठ्या तंत्रज्ञ चंद्रमतीअक्का आपल्यातल्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथे दक्षिणेत राहिलेल्या मराठी घरातल्या. मराठी लिहायला मी घरी वडिलांकडे, बापूंकडे शिकले, हे ऐकून हसल्या. "अय्यो, जननी, मग रिपोर्ट मोडीत लिहितेस काय?"

६ मार्च
रक्त काढून झालं की अक्का हातमोजे साबणाने धुतात, मागच्या दांडीवर वाळत घालतात. मग आई मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, लुगडं काढते तसे काठीने उतरवतात, पावडर लावून पुन्हा वापरतात. धुतलं, वाळलं, कुणी शिवलं नाही, म्हणजे मडी. मला घरच्यासारखं वाटलं.

१० मार्च
हेपटायटिस बी झालेल्या एका माणसाचं रक्त काढलं. हातमोजा काढला तर माझं बोट लाल, ओलं. काल घरी विळीवर चिरलं होतं तेच बोट. हातमोज्यात पाणी भरलं, टोकातून बारीक धार आली. उलटा केला. आत तपकिरी खपली, पावडरीत मळलेली. ते रक्त माझं नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं, लस सुरू केली. लागण झाली की नाही ते काही महिन्यांनी कळेल. भात कालवता आला नाही.

११ मार्च
अक्कांना सांगितलं. म्हणाल्या, "भितेस काय ग? मला काय झालं आजवर?" दारातल्या उन्हात त्यांचे डोळे पाहिले. पिवळे.

१३ मार्च
अक्का सकाळपासून ओकत होत्या. उष्णता म्हणाल्या. तोंड पुसलं, आणि तेच हातमोजे घालून एका गरोदर बाईच्या दंडावर— मी मध्ये पडले. त्यांनी मला ढकललं.

१५ मार्च, शनिवार
मालक शेषाद्री डॉक्टरांना फोन केला. सोमवारी येतो म्हणाले. तोवर गप्प राहा, म्हणाले. अक्कांना म्हटलं, ते हातमोजे मी घालणार नाही. "मला मडी शिकवतेस?" अक्कांनी मनगट धरलं, हातमोजा स्वतःच ओढून माझ्या हातावर चढवला. आत ओलं होतं. कोमट. बोटाबोटांत शिरलं—

१६ मार्च
घासघासून हात सोलवटले. वास जात नाही. आता गप्प नाही. उद्या, सोमवार १७ मार्च, दार उघडताच, पहिला रुग्ण आत यायच्या आधी, डॉक्टरांसमोर अक्कांचं रक्त मी स्वतः काढणार, हेपटायटिस बीसाठी तपासणार.