बाबागाडीतली गोधडी

शिकागो, एप्रिल १९५८

तीर्थरूप आईस व्हर्नेलचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? पीचला फुलं आली का? मी ठणठणीत आहे. काम मिळालंय, आणि तेही धुणीभांडी नव्हे. उपनगरातल्या सावलीच्या रस्त्यांवरून बाबागाडी ढकलत फिरायचं, बस्स.

हसू नकोस. आत बाळ नाही, गुंडाळलेली गोधडी आहे. घरांचा दलाल म्हणाला, “तू नुसती दिसलीस तरी पुरे.” काळी बाई लेकरासकट गल्लीत दिसली की आता इथं काळी वस्ती होणार या भीतीनं गोरे याला घरं मातीमोल विकतात, आणि हा तीच आपल्या माणसांना दुप्पट भावानं विकतो.

त्यांना माझी भीती वाटते म्हणे! इथं मीच जीव मुठीत धरून चालते. पडदे हलतात. परवा एकानं कुत्रं सोडलं. लागलं नाही, फक्त झगा फाटला.

काल एक गोरी म्हातारी फाटक उघडून थेट माझ्याकडे आली. “वारा बोचरा आहे गं पोरी, बाळाला ही घाल,” म्हणत तिनं हातानं विणलेली पिवळी टोपी पुढे केली. “बघू दे तरी!”

“झोपलंय हो,” म्हणाले, टोपी घेतली आणि गाडी ढकलत पळत सुटले.

आज दलाल म्हणाला, त्या गल्लीत तेवढी ती म्हातारीच हटत नाही. उद्यापासून तिच्याच दारासमोर फेऱ्या मारायच्या.

टोपी मी गोधडीला घातलीय. लांबून अगदी बाळ वाटतं. ती जवळ न येवो, एवढी प्रार्थना कर.

तुझी,
व्हर्नेल