वासंतीबाईंचा केस

३ फेब्रुवारी
हिंजवडीच्या कंपनी-बसमधून सुटले एकदाची! आजपासून वारज्याच्या बियाणे-कोठारात रुजू. घरापासून दहा मिनिटं, खिडकीतून टेकडी दिसते आणि साहेब कमी बोलतात. अजून काय हवं? काम एकच: कोठारातलं तापमान आणि हवेतला ओलावा मोजायला नवा सेन्सर निवडायचा. नीट निवडला तर नोकरी पक्की. सध्या भिंतीवर एक म्हातारं यंत्र आहे. लाकडी पेटी, तबकडी, काटा, आणि आत ताणून बांधलेला चक्क माणसाचा केस! हवा दमट झाली की केस लांबतो, काटा सरकतो. इथले जुने मकबूलचाचा म्हणाले, केस वासंतीबाईंचा. तीस वर्षं कोठार त्यांच्याकडे होतं, गेल्या दिवाळीत वारल्या. पांढरा, तेलकट केस. शी!

५ फेब्रुवारी
तीन सेन्सर आणले. बंद डब्यात ओलं मीठ ठेवलं की आत पंच्याहत्तर टक्के ओलावा राहतो, तीच परीक्षा. स्वस्तातल्याने एक्क्याऐंशी दाखवला. तो शोकेसमध्ये ठेवायला बरा. दुसरा सरकारी कारकून, अर्ध्या तासाने जागा झाला. तिसरा, जाळीच्या टोपीचा, बरोबर पंच्याहत्तर. त्याच्याजवळ तोंड नेलं तर अठ्ठ्याण्णव, म्हणजे श्वाससुद्धा पकडतो. हाच घ्यायचा. चाचा म्हणाले, घ्या खुशाल, पण त्या केसाला हात लावू नका, केस सैल पडलेला बाईंना चालायचा नाही. म्हटलं, बाईंना आता काय चालतंय नि काय नाही!

६ फेब्रुवारी
चिमट्याने केस काढला. मुळाशी काहीतरी ओलं, पिवळं चिकटलेलं होतं. ई! कचऱ्यात टाकला. तीनदा हात धुतले.

७ फेब्रुवारी
डब्यातल्या पोळीत लांब पांढरा केस. माझा बॉयकट, तोही काळाभोर, आणि घरात मी एकटी. पोळी फेकली. मग चहातही निघाला, अर्धा कप पोटात गेल्यावर. उरलेला मोरीत ओतला.

१० फेब्रुवारी
नवा सेन्सर अडतीस दाखवतो. जुन्या पेटीत केस नाही, तरी काटा अठ्ठ्याण्णववर. मी पाणी प्यायले की शंभराकडे जातो. चाचांना बोलावलं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. कचऱ्याचा डबा उपडा केला. केस त्यात नव्हता.

१२ फेब्रुवारी
घशात काहीतरी अडकलंय. लाळेला खवट खोबरेलाची चव. शी, शी! स्वारगेटच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. काही नाही म्हणे, मिठाच्या गुळण्या करा.

१३ फेब्रुवारी
जिभेमागे टोक लागलं. ओढलं. हातभर आला — बुळबुळीत, पिवळट — ओकले. अजून येतोच आहे.

१४ फेब्रुवारी
संपत नाही. ओढला की भिंतीवरचा काटा थरथरतो. कात्री लावली — कळ पोटात गेली. तुटत नाही. साहेब म्हणाले, सेन्सर उत्तम, नोकरी पक्की. तोंड उघडून आभार मानायची सोय —

१५ फेब्रुवारी
चाचा भिंतीवरची पेटी काढून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, बाईंचा केस होता तिथे परत बांधा, माफी मागा. तोंडाबाहेरचं टोक पेटीतल्या खिळ्याला बांधलं. माफी मागितली. तोंड पेटीला टेकून बसलेय. पण केस सैल आहे. सैल चालत नाही — पोटातलं टोक आतून कुणीतरी धरलंय — बोटाला गुंडाळून — ताण