मधलं कडं

दूधविनायक, वाराणसी
१४ नोव्हेंबर

प्रिय मेधा,

इतके महिने तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. रोजनिशीत तुझ्याविषयी लिहीत होतो, तुला मात्र नाही. तुला लिहायचं म्हणजे स्वतःची समजूत घालता येत नाही, आणि मला काही दिवस तीच घालायची होती. आज बसलो, कारण तुझ्या रोटरला हात लावायची वेळ आली आहे आणि विचारायला तू नाहीस.

सांडपाण्याच्या टाक्यांत हवा सोडणारा आपला ब्लोअर, त्याच्या मोटरच्या आत फिरणारा तो रोटर. तू गेल्यावर गिऱ्हाइकानं ब्लोअरचा वेग वाढवून मागितला आणि मी लगेच हो म्हटलं. एरवी मी कधी कशाला लगेच हो म्हणतो का? पण डिझाइन तुझं होतं ना!

रामनगरच्या वर्कशॉपमध्ये बॅलन्सिंग मशीनवर रोटर सावकाश फिरवला, दोन्ही टोकांच्या तबकड्यांत छिद्रं पाडून जादा वजन काढलं. मशीनच्या मते सगळं ठीक. मग चाचणीच्या खोलीत नव्या वेगाला नेला, आणि मोटर अशी थरथरली की ती थरथर आधी दातांत कळली, मग कानांत. चाचण्या आता इमरानकडे आहेत, तूच निवडलेला तो इंजिनिअर. त्यानं बटण दाबून मोटर थांबवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, ये बेयरिंग का मामला नहीं है."

तरी मी बेअरिंग बदलायला लावली. मग पायाचे बोल्ट. मग म्हटलं, बॅलन्सिंग मशीनच चुकत असेल, ती तपासून घेऊ. त्यानं निमूटपणे सगळं केलं. शेवटी एकदा जेवताना म्हणाला, "बुरा मत मानिएगा सर. भाभी जी का डिज़ाइन न होता, तो आप अब तक रोटर खोल चुके होते."

"खाना खाओ चुपचाप," मी म्हटलं.

"खा तो रहा हूँ. आप नहीं खा रहे."

मी बुरा मानला. फार मानला. खरं होतं म्हणून!

दोष कुठे आहे ते मला केव्हाच कळलं होतं, मेधा. जादा वजन आहे मधोमध, चुंबकांच्या रांगेत, आणि आम्ही ते काढतोय टोकांकडून. सावकाश फिरताना हिशेब जुळतो. वेग वाढला की शाफ्ट केसभर वाकतो, मधला भाग उड्या मारायच्या दोरीसारखा बाहेर झुकतो, आणि टोकांच्या छिद्रांचा काही उपयोग राहत नाही. मध्येच स्टीलचं एक कडं हवं, तिथल्या तिथे वजन कमीजास्त करता येईल असं. पण त्यासाठी चुंबकांना धरून ठेवणारी तुझी ती कार्बन फायबरची अखंड स्लीव्ह मधून तोडून दोन करावी लागते. किती जीव होता तुझा तिच्यावर!

आठवतं, अहिल्याबाई घाटावर आपण यावरूनच भांडलो होतो? मी कडं म्हटलं की तू उसळायचीस. "मध्ये कडं घातलंस की लांबी वाढली. लांबी वाढली की शाफ्ट आणखी नरम. मग काय मिळवलंस?" एक नाववाला मघापासून घुटमळत होता. "भइया, नाव?" त्यानं विचारलं. तू म्हणालीस, "इनसे पूछिए. पहले हिसाब लगाएँगे कि डूबेगी या नहीं, तब बैठेंगे." तो इतका हसला की मलाही हसावं लागलं, आणि भांडण अर्धंच राहिलं. ते तेव्हाच पुरं का नाही केलं आपण?

तू चुकली होतीस का? तुझ्या वेळच्या वेगाला तुझा रोटर निर्धोक आहे. मी गणित पुन्हा मांडलं, मग दुसऱ्या रीतीनं मांडलं. उत्तर तेच. पण ज्या उत्साहानं मांडलं, त्याचाच आता संशय येतो. मी रोटर तपासत होतो, की तुला निर्दोष सोडवत होतो?

आणि तुलाही एक विचारतो. धाप लागत होती, पायऱ्या चढताना थांबत होतीस, तरी "आधी स्लीव्हचं होऊ दे, मग डॉक्टर" हेच चाललं होतं. का, मेधा? एवढी कसली घाई होती त्या स्लीव्हची? कधीकधी मला तिचा राग येतो. एका वस्तूचा! आणि मग भीती वाटते, मी ती तोडतोय ते रोटरसाठी की या रागापायी?

काल आई म्हणाली, "अरे, सब्जी ठंडी होतेय. कुठे लागलंय लक्ष?" 'भाजी गार होतेय' असं सुधारणारं घरात आता कोणी नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिला त्यातलं यंत्र कळलं नाही, ती एवढंच म्हणाली, "मेधा असती तर तिनं तुला हात लावू दिला असता?"

"भांडली असती."

"मग भांड ना तिच्याशी. घाबरतोस कशाला?"

म्हणून आज दिवसभर तुझ्याशी भांडलो. कडं घातलं, लांबी वाढली. तुझी हरकत खरीच आहे, म्हणून शाफ्ट जाड केला. वजन वाढलं, ते पुन्हा मोजलं. कागदावर तरी जमतंय. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मूळ नाव खोडत नाहीत. बदल करणाऱ्याचं नाव वेगळ्या ओळीत येतं. ती ओळ लिहायला मला संध्याकाळ झाली.

जमेल की नाही, ते मोटर फिरल्यावरच कळेल. पण एक वचन देतो. पुन्हा थरथर आली तर ती माझ्या नावावर; तुझ्या डिझाइनकडे बोट दाखवणार नाही. आणि तुझ्या नावामागे लपणारही नाही.

तुझा,
अनंत

उद्या : स्लीव्ह तोडलेलं ड्रॉइंग इमरानच्या हातात देणे.